ब्रेकच्या तारेतलं खोबरेल

आज सकाळी बाथरूममधली खोबरेलाची बाटली हातावर उलटी केली आणि तेल आलंच नाही. बाटली दाबली, हलवली, बूड थोपटलं. आत सगळं पांढरं, घट्ट, जागचं न हलणारं. नवी मुंबईत थंडी पडली हे कळायला एवढं पुरतं. बातम्यांत पारा उतरल्याचं येईपर्यंत आमच्या सानपाड्याच्या बागेत चालायला येणारी मंडळी कानटोप्या, स्वेटर, मफलर अशी हिमालयाच्या तयारीनं हिंडायला लागलेली असतात. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथली थंडी हाडात शिरते. त्यामुळे इथल्या थंडीला मी पहिली काही वर्षं मनसोक्त हसून घेतलं. आता हसत नाही. माणसाला कापरं भरवायला कमी पडणारी थंडी खोबरेल थिजवायला मात्र पुरते, आणि तेवढ्यानं काय काय होतं ते मी एका हिवाळ्यात बघितलं आहे.

आमच्या गॅलरीत एक सायकल आहे. काळी, साधी, बिनगिअरची. माझ्या नवऱ्याची, नितीनची. नितीन मूळचा जासईचा. आजोबांची भातशेती होती त्या जमिनीवर आता कंटेनरचं यार्ड झालं आणि त्याच यार्डात त्याला नोकरी लागली. "माझ्या शेतात काय पिकतं माहितीय? लोखंड. आणि दुष्काळ कधीच पडत नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. आम्ही सानपाड्याला फ्लॅट घेतला तरी सासूबाईंनी जासई सोडली नाही. म्हणून दर रविवारी पहाटे, कंटेनरची रांग रस्त्यावर लागायच्या आत, हा सायकल काढून आईकडे जायचा. गाडी घेऊन जा म्हटलं तर म्हणायचा, "गाडीनं गेलो तर आईला मी आल्याचं कळत नाही. सायकलचा ब्रेक वाजला की ती उठते."

तिथं गेल्यावर काय चालायचं ते मी एकदोनदा बघितलं होतं. चाळिशी ओलांडलेला बाप्या ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि आई त्याच्या डोक्यावर कोमट खोबरेल थापायची. वाटीत थोडं तेल उरायचंच. ते बाटलीत परत ओतायचं नाही आणि टाकायचं तर मुळीच नाही, असा त्यांच्या घरचा नियम. डोक्याचं उरलेलं तेल घरात जे जे फिरतं त्याला घालायचं. पूर्वी विहिरीचा रहाट होता, त्याला. दाराच्या बिजागऱ्यांना. शिवणयंत्राला. विहीर बुजली, शिवणयंत्र भंगारात गेलं. मग फिरणारं एकच उरलं, लेकाची सायकल. सासूबाई चेनला तेल लावत आणि उरलेलं बोटाच्या धारेनं ब्रेकच्या तारेत सोडत.

ज्यांनी सायकल फक्त चालवली आहे त्यांच्यासाठी सांगते. ब्रेकची तार एका काळ्या नळीतून जाते. हँडलवरची लिव्हर बोटांनी दाबली की तार ओढली जाते आणि रबर चाकाला धरतं. सोडली की खालची स्प्रिंग सगळं पुन्हा जागेवर नेते. आमच्याकडे खाडीची खारी हवा. तार आतून गंजते, म्हणून नळीत तेल लागतं हे खरं. पण पातळ तेल. खोबरेल नव्हे.

नितीनला हे ठाऊक होतं. थंडीच्या दिवसांत रविवारी संध्याकाळी जासईहून परत आला की तो गॅलरीत वर्तमानपत्र पसरायचा. तार नळीतून सरसर ओढून काढायचा, रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा, नळीत रॉकेल सोडून खालून मळकट पांढरं गळेल ते गळू द्यायचा. मग मशीनच्या पातळ तेलाचे थेंब, तार परत आत, लिव्हर दाबून-सोडून बघायची. घरभर रॉकेलचा वास. मी कुरकुरायची.

"अरे, सकाळीच तर आईंनी तेल घातलं ना?"

"म्हणून तर." आणि मग आवाज खाली आणून, जणू आई पलीकडच्या खोलीत बसली आहे, "तिला सांगू नकोस हां. थिजतं म्हटलं तर तिला वाईट वाटेल. फुकटचं टेन्शन."

एवढंच बोलणं. मी त्यावर विचारही केला नाही. नवऱ्याच्या खुळांची यादी लांब असते, त्यात हे एक.

नितीन भर पावसाळ्यात गेला. यार्डात काम करता करता बसला तो उठला नाही. सायकल त्या वेळी गॅलरीतच होती, पावसामुळे महिनाभर बाहेर निघालेली नव्हती. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताच्या नळ्यांत माझं आयुष्य गेलंय, तरी त्या दिवशी कुणी काय सांगितलं आणि मी काय ऐकलं ते मला आजही जुळवता येत नाही. ते इथं सांगायचंही नाही. दिवसपाणी झाल्यावर सासूबाईंनी जासईच्या घराला कुलूप घातलं आणि स्वतःची एक पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "तो येवाचा तवा मी तिकरं होते. आता तो थंय कुनाकरं येल? हिकरं येल त मना हिकरंच र्‍हायला पायजे."

मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. दुःखात माणसं काहीही बोलतात, असं मला वाटत होतं.

पण रविवार आला तशी त्यांनी वाटीत तेल कोमट केलं. आधी माझ्या मुलीच्या, सईच्या डोक्याला लावलं. सई तेव्हा बारावीत होती, केस शॅम्पूचे, एरवी आजीला तिनं केसाला बोट लावू दिलं नसतं. त्या वर्षी गप्प बसून राहिली. मग उरलेली वाटी घेऊन सासूबाई गॅलरीत गेल्या आणि सायकलपाशी बसल्या. चेन, पेडल, ब्रेकची तार. दर रविवारी हेच. सायकल कुणी चालवत नव्हतं. मी ऑफिसातून, म्हणजे लॅबमधून आले की हॉलमध्ये खोबरेलाचा वास असायचा आणि मला क्षणभर वाटायचं, नितीन जासईहून आला.

दिवाळी झाली, देव दिवाळी झाली, आणि थंडी आली. त्या वर्षी ती जरा जास्तच आली. खाडीवरून धुकं उठायचं ते समोरची इमारत खाऊन टाकायचं. आमच्या सेक्टरच्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या, त्यामुळे धुक्यात एखादीच खिडकी दिसली तर ती आपली की दुसऱ्याची कळत नाही. पहाटे खाडीत उतरलेले फ्लेमिंगो आपसांत बोलतात. दुरून ते बोलणं बायकांच्या घोळक्यासारखं वाटतं, पण शब्द एकही हाती लागत नाही. अशाच एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली.

"वैशाली, हिकरं ये गो. आवाज नको करू."

त्या गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. सायकलकडे बोट दाखवलं. पुढच्या ब्रेकची लिव्हर आत दाबलेली होती. हँडलला अगदी टेकलेली नाही, पण मधे एखादं बोट जेमतेम जाईल इतकीच फट. नितीन ब्रेक असाच धरायचा, दोन बोटांनी, पूर्ण न दाबता. मी बघत उभी राहिले. लिव्हर सुटेना. कुणाचाच हात नव्हता तिथं.

"येऊन गेला," सासूबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत. उलट कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला होता. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि लिव्हरवर आपला हात ठेवला. चहा तिथंच मागितला. ऊन ग्रिलमधून येतं ते आधी भिंतीवर, मग सीटवर, मग हँडलवर. ते हँडलवर येऊन थोडा वेळ गेला आणि त्यांच्या हाताखालून लिव्हर हळूहळू वर आली. शेवटी एक बारीकसा टक् असा आवाज. सासूबाईंनी हात उचलला आणि वाट दिल्यासारख्या बाजूला सरकल्या.

त्या दिवशी लॅबमध्ये मी एका नळीवर चुकीचं नाव चिकटवता चिकटवता थांबले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी नाही, त्या दिवशी थंडी कमी होती. मग पुन्हा. रात्री झोपण्याआधी मी स्वतः बघायची: लिव्हर सुटी. गॅलरीच्या दाराला आतून कडी. चौथा मजला, ग्रिल लावलेलं, त्यातून मांजर येणं मुश्कील. आम्ही तिघी एका खोलीत झोपायचो, सासूबाई भिंतीकडे, मी दाराशी. त्या उठल्या असत्या तर माझ्या अंगावरून जावं लागलं असतं. सईला दम देऊन विचारलं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, मी असला जोक करीन?" नाही केला असता.

मग मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. लिव्हरवर टाल्कम पावडर भुरभुरली. कुणी हात लावला तर ठसा उमटेल. सकाळी लिव्हर दाबलेली होती आणि पावडरीचा दवानं चिखल केला होता. त्यातून बोटंही वाचता येत होती आणि काहीही वाचता येत नव्हतं. मी ओल्या फडक्यानं ती पुसून टाकली आणि स्वतःलाच हसले. हसू फार वेळ टिकलं नाही.

रात्रभर जागून बघावं असं मला सुचलं नाही असं नाही. पण ठरवलेल्या रात्री मला हमखास झोप लागायची. खरं तर मी ती लागू द्यायची. तिथं कुणी दिसलं असतं तर भीती होतीच. कुणीच दिसलं नसतं तर काय, याची भीती त्याहून मोठी होती.

एकदा पहाटे मी दूध घ्यायला दार उघडायच्या बेतात होते. खालून, धुक्यातून, कुणीतरी हाक मारली: "वैशू." स्पष्ट. मला वैशू एकच माणूस म्हणायचा. माझं तोंड उघडलं आणि मागून सासूबाईंचा हात खांद्यावर पडला. "पयल्या हाकंला ओ नाय द्याची. खारीकाठची रीत हाय. आपला मानूस आसंल त परत बोलवंल." आम्ही दोघी उभ्या राहिलो. दुसरी हाक आली नाही. आमच्या इमारतीत वैशाली नावाच्या आणखी दोघी आहेत, दूधवाला कुणाला काय म्हणत असेल सांगता येत नाही, हे सगळं मी स्वतःला नंतर नीट समजावून सांगितलं. पण त्या क्षणी ओ न देऊन आपण कुणाला परत पाठवलं, हा विचार दिवसभर माझ्या छातीवर बसून होता. अजूनही कधी कधी बसतो.

आणि मग एका दुपारी बाथरूममधली बाटली थिजलेली बघून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रॉकेल. वर्तमानपत्र. मळकट पांढरं गळणारं ते. "थिजतं म्हटलं तर तिला वाईट वाटेल." सासूबाई रविवारी कोमट तेल तारेत सोडतात. पहाटेच्या गारठ्यात ते नळीत घट्ट बसतं आणि तारेला धरून ठेवतं. ऊन आलं की वितळतं, स्प्रिंग लिव्हर ओढून घेते, टक्. एवढंच! मी एकटीच बाथरूममध्ये उभी राहून मोठ्यानं "हात्तिच्या" म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं आणि लगेच इतकं एकटं वाटलं की मी बेसिनची कड धरून उभी राहिले.

त्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी नितीनचं फडकं शोधलं, रॉकेलची बाटली त्याच कोपऱ्यात होती. त्याला बघून बघून जे आठवत होतं त्याप्रमाणे तार काढली, पुसली, नळी धुतली, पातळ तेल घातलं, तार परत घातली. बोटं सोलली. मनात म्हटलं, बघ, तुझं खूळ मी चालवतेय. आईला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिव्हर सुटी होती. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या. ऊन भिंतीवर आलं, सीटवर आलं, हँडलवर आलं, पुढे गेलं. त्या हलल्या नाहीत. चहावर साय धरली. शेवटी म्हणाल्या, "नाय आला. थंडी लय हाय, त्यानं आंगात काय घातला नसंल." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही पेजेवरच होत्या. मुलाच्या बाराव्याला जी बाई ताठ बसलेली मी बघितली होती ती मला पहिल्यांदा म्हातारी दिसली.

रविवारी त्यांनी पुन्हा तेल घातलं. यावेळी मी रॉकेल काढलं नाही. सोमवारी लिव्हर दाबलेली, आणि त्यांनी भाकरी मागून घेतली. मी ठरवलं, राहू दे. या सायकलला हात कुणी लावायचा नाही, एवढी ताकीद सईला देऊन टाकली. थंडी काही कायमची नसते. नितीनला दोन्ही जमत होतं, आईचं मन आणि ब्रेक. मला एकच जमत होतं.

पण घरात सायकल आणि बारावीतली मुलगी असली की ताकीद किती पुरते? सईची प्रिलिम चालू होती. एका सकाळी रिक्षा मिळेना, धुकं इतकं की रिक्षा असत्या तरी दिसल्या नसत्या. मी लॅबला गेलेली. तिनं लिव्हर अंगठ्यानं बाहेर ढकलली, सायकल लिफ्टमध्ये घातली आणि नेरूळच्या रस्त्याला लागली.

पुढचं तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या हनुवटीला टाके होते आणि शाळकरी मुलीसारखी ती माझ्या पदराशी खेळत होती. मला आठवतंय, मी पंजाबी ड्रेसच घातला होता, ओढणी असेल. तर ती म्हणाली, "चौकाच्या आधी मी थोडासा ब्रेक मारला. मग रस्ता मोकळा दिसला म्हणून सोडला. आई, मी सोडला होता. माझी बोटं उघडी होती. तरी तो सुटला नाही. कुणीतरी धरूनच ठेवला. चाक अडलं आणि मी हँडलवरून पडले." जराशानं म्हणाली, "आणि मी पडलेली असताना आडव्या रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला. हॉर्न नाही, लाइट नाही. माझ्या समोरून. मी सरळ गेले असते तर..."

तिचं वाक्य सासूबाईंनी पुरं केलं. "तर गेली आसतीस. त्यानं धरला म्हनून वाचलीस."

माझा तोल गेला. इतक्या महिन्यांचा गेला. "धरला म्हणून पडली ती!" मी ओरडले. "आई, कुणी धरलेलं नाही. बघा." मी बाथरूममधून बाटली आणली आणि त्यांच्या हातावर उलटी केली. "पडतंय काही? हेच त्या तारेत आहे. तुम्हीच घातलेलं. नितीन दर थंडीत रॉकेलनं धुवून काढायचा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून कधी बोलला नाही. थिजलेलं खोबरेल आहे ते, बाकी काही नाही."

सईनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता ही बाई कोसळेल. सासूबाईंनी बाटली सरळ केली, झाकण लावलं, पदरानं पुसली.

"त्याल थिजतं ता मना बी कलतं गो," त्या शांतपणे म्हणाल्या. "माजा जल्म खोबरेलात गेलाय. थिजलेला त्याल तार धरून ठेवतं, सोडत नाय, खरा हाय तुजा." मग माझ्याकडे बघितलं. "पन दाबतं कोन?"

रात्री मी स्वतः बघितलेली सुटी लिव्हर माझ्या डोळ्यांसमोर आली. तेल दाबलेलं धरून ठेवील. सुटं असेल तर सुटं धरून ठेवील. ते स्वतःहून दाबणार नाही. हे इतकं साधं होतं की मी ते इतके दिवस बघितलंच नव्हतं.

बाटली बाजूला ठेवून त्याच म्हणाल्या, "तार बदल. पोर र्‍हायली पायजे. गेला त्याचा काय ता मी बगीन."

जुईनगरच्या पुलाजवळ एक सायकलवाला बसतो, भरपूर बोलणारा. त्याच्याकडे सायकल नेली. सासूबाई रिक्षानं मागोमाग आल्या, ऐकेनात. "भाभी, तार आतून पूर्ण गेलीय," तो म्हणाला, "खाडीची हवा आहे, दर साली बदलायची. थंडीत ग्रीसपण नाय टाकायचा, तो पण जाड होतो. आणि हे काय भरलंय? खोबरेल? मावशी, सायकलची चंपी केली काय?" आणि डिस्क ब्रेक बसवून घ्या, एकदम स्मूथ, असं वर सुचवून बघितलं. त्यानं जुनी तार ओढली तशी ती नळीतून कुरकुरत बाहेर आली, आणि तिच्या अंगाला पांढरं तेल चिकटलेलं. काही ठिकाणी गंजानं लाल झालेलं, काही ठिकाणी शुभ्र. तो फडक्यानं पुसायला निघाला, तर सासूबाईंनी त्याचा हात अडवला. शुभ्र होतं तेवढं दोन बोटांनी निरपून घेतलं आणि स्वतःच्या पांढऱ्या भांगात भरलं. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. सायकलवाला बोलायचा थांबला, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

नवी तार गुळगुळीत होती. लिव्हर दाबली की दबायची, सोडली की सुटायची, थंडी असो नसो. घरी आल्यावर सासूबाईंनी ती दोनचारदा दाबून बघितली. प्रत्येक वेळी ती त्यांच्या बोटांतून लगेच निसटली.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "आता तो आला काय, नाय आला काय, ही काय सांगाची नाय."

मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं. सई त्याच सायकलवर कॉलेज करून बाहेर पडली, आता पुण्याला नोकरीला आहे, ब्रेकनं तिला पुन्हा कधी पाडलं नाही. तार मी दर वर्षी बदलते, थंडीच्या तोंडाशी. रॉकेल मिळत नाही, पातळ तेलावर भागवते. माझी बोटं आता सोलत नाहीत. सगळं व्यवस्थित आहे. आणि या व्यवस्थित गोष्टीचा विचार करत बसले की कधी कधी अंगावर काटा येतो. मी त्या दिवशी सायकलवाल्यापुढे उभी राहून काय बदललं? येणारं कुणी असेल तर त्याचं येणं मी थांबवलं नाही. ते फक्त दिसेनासं केलं. तो पहाटे येत असेल, दोन बोटांनी ब्रेक धरत असेल, सोडून जात असेल, आणि लिव्हर जागेवर जात असेल. बिचारा. मागे खूण राहू नये याची तजवीज त्याच्या बायकोनं केलेली. आणि पुन्हा बदलायची वेळ आली, तर मुलीकडे बघून मी पुन्हा तेच करीन. हेही खरं आहे.

सासूबाईंचे गुडघे आता गेले. पलंगावरून गॅलरीपर्यंत येणं त्यांना होत नाही. थंडी पडली की मात्र त्या पहाटे जाग्या असतात. माझी चाहूल लागली की विचारतात, "कशी हाय गो?" मागच्या एका हिवाळ्यात त्यांनीच हे काढलं. म्हणाल्या, तार आता काय धरत नाय, पन लोखंड ऊब धरंल थोरी. जरा हात लावून बग. तेव्हापासून मी रोज धुक्यातल्या त्या गॅलरीत जाते, लिव्हरवर तळवा ठेवते. लोखंड बर्फासारखं असतं, तळव्याला झोंबतं. आणि मी दारातून सांगते, "कोमट आहे, आई." त्या "हां" म्हणतात, कुशीवर वळतात आणि त्यांना झोप लागते. लॅबमध्ये आयुष्यभर एकही खोटा आकडा लिहिला नाही मी. हे एक खोटं रोज बोलते, आणि बोलताना आवाज जराही हलत नाही.

आजही त्यांनी विचारलं. बाहेर काही दिसत नव्हतं, खाडीकडून पक्ष्यांचं ते न कळणारं बोलणं येत होतं. मी तळवा ठेवला. मग दुसऱ्या ब्रेकवर ठेवला, सीटवर ठेवला, ग्रिलच्या गजावर ठेवला. बाकी सगळं गार होतं. परत पहिल्या ठिकाणी ठेवला.

"कशी हाय गो?" आतून आवाज आला.

"कोमट आहे, आई," मी म्हणाले, आणि आज माझा आवाज हलला.